कीर्द, खतावणी आणि संगणकाला विचारावयाचे प्रश्न

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्रामबाग लागते. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू होऊन १९५५ पासून वालचंद या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय, या दोन संस्थांमुळे या उपनगरास विद्येचे वळण लागले आहे. येथून मार्केट यार्डही फार दूर नाही. त्यामुळे विश्रामबागेत संध्याकाळी फिरावयास निघालेल्या माणसांत जसे प्राध्यापक भेटतात, तसे हळदीच्या पेढीवर आयुष्य घालविलेले दिवाणजीही भेटतात. प्रस्तुत लेखकास संगणकाच्या एका भाषेची ओळख झाली ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे. त्याचे कारण एक चूक होती, आणि ती चूक लेखकाची स्वतःची होती.

काही वर्षांपूर्वी बाजारभावाचे एक छोटे टिपण तयार करावयाचे होते. हाती आलेल्या सौद्यांचे दर लेखकाने एकाखाली एक मांडले, त्यांची बेरीज केली, सौद्यांच्या संख्येने भागिले आणि आलेला आकडा ‘सरासरी दर’ म्हणून लिहून टाकला. ते टिपण वाचून कवठेपिरानकडचे एक वयस्क शेतकरी कार्यालयात आले. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, हा भाव नेमका कुणाला मिळाला? आमच्या गावात तरी कुणाला नाही मिळाला.”

या प्रश्नास लेखकापाशी उत्तर नव्हते. आकडेमोडीत तर कोठेही चूक नव्हती. त्याच संध्याकाळी विश्रामबागेतील एका निवृत्त दिवाणजींपाशी हा विषय निघाला. त्यांनी कागद हाती घेतला आणि म्हणाले, “साहेब, बेरीज बरोबर आहे. प्रश्न चुकलाय. तुम्ही पावत्यांची सरासरी काढलीत. पोत्यांची काढायला हवी होती.”

‘प्रश्न चुकलाय’ हे दोन शब्द या लेखाचे सार आहेत. आज ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत आणि अडत दुकानापासून तहसील कार्यालयापर्यंत सर्वत्र नोंदी संगणकात गेल्या आहेत. परंतु त्या नोंदींना योग्य प्रश्न विचारण्याची विद्या अद्याप मोजक्या तंत्रज्ञांच्या हाती आहे. ही विद्या अवघड नाही. तिची मूळ कल्पना तर आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत पूर्वीपासूनच आहे.

जुनी वही, नवी वही

पेढीवर दोन वह्या प्रमुख असत. कीर्दीत दिवसाचे व्यवहार जसे घडतील तसे क्रमाने लिहिले जात. खतावणीत तेच व्यवहार माणसागणिक, खात्यागणिक वेगळे काढून मांडले जात. ‘आज काय झाले?’ या प्रश्नास कीर्द उत्तर देई. ‘अमक्याचे माझ्याकडे किती येणे?’ या प्रश्नास खतावणी उत्तर देई. व्यवहार तेच असले, तरी दोन प्रश्नांसाठी दोन वह्या ठेवाव्या लागत आणि कीर्दीवरून खतावणी करण्यात दिवाणजींची रात्र जाई.

महसुली दप्तराची रचनाही अशीच आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्याची मांडणी गट किंवा भूमापन क्रमांकानुसार असते. एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे, हे पाहावयाचे तर गाव नमुना आठ-अ पाहावा लागतो. सातबारा ही जणू जमिनीची कीर्द होय आणि आठ-अ ही खातेदाराची खतावणी होय.

या पद्धतीत एक मर्यादा आहे. कोणता प्रश्न विचारला जाईल हे आधी ठरवून त्याप्रमाणे वही घालावी लागते. ज्या प्रश्नासाठी वही घातलेली नाही, त्याचे उत्तर मिळवावयाचे तर सारे दप्तर उलगडावे लागते. हरिपूरच्या पेवांत साठविलेली हळद सुरक्षित राहते, परंतु पेव फोडल्यावाचून आतील मालाची प्रत कळत नाही. दप्तराचेही तसेच होते.

ही मर्यादा दूर करण्याची कल्पना १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने मांडली. आय. बी. एम. या कंपनीच्या सॅन होझे येथील संशोधनशाळेत काम करीत असताना त्यांनी असे सुचविले की, सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि कोणता प्रश्न विचारला जाईल याची चिंता माहिती साठविताना करू नये. तक्ते एकमेकांशी कसे जुळवावयाचे हे प्रश्न विचारतेवेळी ठरावे. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी १९७४ साली या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. संगणकाचे शास्त्र न शिकलेल्या माणसासही तिचा उपयोग करता यावा, हा त्यांचा उद्देश होता. तिचे आरंभीचे नाव ‘सीक्वेल’ असे होते. ते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे असल्याने पुढे ते ‘एस. क्यू. एल.’ असे झाले. १९८६ साली अमेरिकेच्या आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने या भाषेस मान्यता दिली. बँका, रेल्वेचे आरक्षण, विजेची देयके अशा असंख्य व्यवहारांमागे आज हीच भाषा काम करीत असते.

एक तक्ता आणि पहिला प्रश्न

उदाहरणादाखल हळदीच्या एका अडत दुकानाची वही घेऊ. पुढील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते मुद्दाम पूर्णांकांत ठेविले आहेत. तक्त्याचे नाव ‘सौदे’.

| सौदा | तारीख | शेतकरी | प्रत | क्विंटल | दर (रुपये) |
|---|---|---|---|---|---|
| १ | ५ मार्च | १०१ | हळकुंड | १० | १५,००० |
| २ | ५ मार्च | १०२ | हळकुंड | ४० | १२,००० |
| ३ | ५ मार्च | १०३ | गड्डा | ६ | ११,००० |
| ४ | ७ मार्च | १०१ | हळकुंड | २ | १८,००० |
| ५ | ७ मार्च | १०४ | हळकुंड | ८ | १५,००० |
| ६ | ७ मार्च | १०२ | गड्डा | ४ | १०,००० |

येथे एक ओळ म्हणजे एक सौदा. हे वाक्य वाचकांनी मनात पक्के धरावे, कारण पुढील बहुतेक चुका ते विसरल्यामुळेच होतात. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि बँकखाते या तक्त्यात वारंवार लिहिलेले नाही. येथे त्याचा क्रमांक तेवढा आहे. नाव, गाव आदी तपशील ‘शेतकरी’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात एकदाच ठेवावयाचा. गावाचे नाव एका ठिकाणी ‘कवलापूर’ व दुसऱ्या ठिकाणी ‘कवलापुर’ असे पडले, तर संगणकाच्या दृष्टीने ती दोन गावे होतात. ही आपत्ती अशा रचनेने टळते.

आता प्रश्न विचारू. शेतकरी क्रमांक १०१ याचे सौदे तारखेच्या क्रमाने हवे आहेत. प्रश्नवाक्य असे होईल :

सिलेक्ट तारीख, क्विंटल, दर
फ्रॉम सौदे
व्हेअर शेतकरी = १०१
ऑर्डर बाय तारीख

संगणकास हे आज्ञाशब्द व आकडे रोमन लिपीत द्यावे लागतात. येथे ते वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. रकान्यांची व तक्त्यांची नावे मात्र पुष्कळशा प्रणालींत खरोखरच मराठीत ठेविता येतात.

वाक्याचा अर्थ सरळ आहे. ‘सिलेक्ट’ म्हणजे कोणते रकाने हवेत, ‘फ्रॉम’ म्हणजे कोणत्या तक्त्यातून, ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या अटीवर, ‘ऑर्डर बाय’ म्हणजे कोणत्या क्रमाने. उत्तरात पहिला व चौथा असे दोन सौदे येतील. वहीची पाने कशी उलटावयाची, कोठून आरंभ करावयाचा हे आपण संगणकास सांगितलेले नाही. काय हवे आहे एवढेच सांगितले. ‘कसे’ न सांगता ‘काय’ सांगणे, हे या भाषेचे मुख्य लक्षण होय.

खतावणी एका वाक्यात

ज्या कामात दिवाणजींची रात्र जाई, ते काम आता पाहू. प्रत्येक शेतकऱ्याचा एकूण माल किती आणि त्याची रक्कम किती?

सिलेक्ट शेतकरी, सम(क्विंटल), सम(क्विंटल * दर)
फ्रॉम सौदे
ग्रुप बाय शेतकरी

येथे ‘सम’ म्हणजे बेरीज आणि तारांकन म्हणजे गुणाकार. ‘ग्रुप बाय शेतकरी’ म्हणजे शेतकऱ्यागणिक खतावणी करा. उत्तर पुढीलप्रमाणे मिळते :

१०१ : १२ क्विंटल, १,८६,००० रुपये
१०२ : ४४ क्विंटल, ५,२०,००० रुपये
१०३ : ६ क्विंटल, ६६,००० रुपये
१०४ : ८ क्विंटल, १,२०,००० रुपये

शेवटच्या ओळीत ‘शेतकरी’ या शब्दाऐवजी ‘प्रत’ लिहावा व पहिल्या ओळीतही तोच बदल करावा, म्हणजे हळकुंड व गड्डा यांची वेगवेगळी खतावणी होईल. ‘तारीख’ लिहिल्यास रोजची होईल. प्रत्येक प्रश्नासाठी नवी वही घालावी लागत नाही. कीर्द एकच राहते आणि तिच्यातून हवी ती खतावणी निघते. ज्यांचा माल दहा क्विंटलांहून अधिक आहे असेच शेतकरी हवे असतील, तर शेवटी ‘हॅविंग सम(क्विंटल) > १०’ एवढे जोडावे. ‘व्हेअर’ ही एकेका ओळीला लावण्याची अट असून ‘हॅविंग’ ही खतावणी झाल्यानंतर खात्याला लावण्याची अट आहे, हा भेद ध्यानात ठेवावा.

सरासरीचा चकवा

आता लेखकाच्या चुकीकडे वळू. हळकुंडाचा सरासरी दर काय? या भाषेत सरासरीसाठी ‘ॲव्हरेज’चे संक्षिप्त रूप आहे, ते येथे ‘ॲव्हग’ असे लिहू.

सिलेक्ट ॲव्हग(दर)
फ्रॉम सौदे
व्हेअर प्रत = ‘हळकुंड’

उत्तर येते १५,०००. चार सौद्यांचे दर १५, १२, १८ आणि १५ हजार असे आहेत. त्यांची बेरीज साठ हजार होते आणि तिला चाराने भागले म्हणजे पंधरा हजार येतात. गणित बिनचूक आहे. परंतु अठरा हजारांचा दर केवळ दोन क्विंटलांना मिळाला आहे, तर बारा हजारांचा दर चाळीस क्विंटलांना. या सरासरीत त्या दोन क्विंटलांस चाळीस क्विंटलांइतकेच वजन मिळाले आहे. खरा प्रश्न असा आहे की, विकल्या गेलेल्या एका क्विंटलामागे सरासरी किती रुपये आले? तो असा विचारावा लागेल :

सिलेक्ट सम(क्विंटल * दर) / सम(क्विंटल)
फ्रॉम सौदे
व्हेअर प्रत = ‘हळकुंड’

एकूण रक्कम ७,८६,००० रुपये, एकूण माल ६० क्विंटल, म्हणून उत्तर १३,१०० रुपये. पहिल्या उत्तरात आणि या उत्तरात क्विंटलामागे १,९०० रुपयांचे अंतर आहे. पहिला आकडा वाचून जो शेतकरी माल घरी ठेवून वाट पाहील, किंवा आपणास कमी भाव मिळाला अशी समजूत करून घेईल, त्याचे नुकसान आकडेमोडीने केलेले नसून प्रश्नाने केलेले असेल. कवठेपिरानच्या त्या गृहस्थांस हे एस. क्यू. एल. न शिकताही उमगले होते.

ज्याला काहीच मिळाले नाही, तो कोठे गेला?

यापेक्षाही गंभीर अशी एक चूक आहे. ती दोन तक्ते जुळविताना होते. दुकानाने शेतकऱ्यांना दिलेल्या रकमा ‘चुकती’ नावाच्या दुसऱ्या तक्त्यात आहेत असे समजू.

| शेतकरी | रक्कम (रुपये) |
|---|---|
| १०१ | १,००,००० |
| १०१ | ५०,००० |
| १०२ | ५,२०,००० |
| १०३ | ६६,००० |

प्रश्न असा : कोणत्या शेतकऱ्याचे किती पैसे देणे बाकी आहे? दोन तक्ते जुळविण्यास या भाषेत ‘जॉइन’ म्हणतात. नवशिका माणूस बहुधा असे लिहील :

सिलेक्ट सौदे.शेतकरी, सम(क्विंटल * दर) - सम(रक्कम)
फ्रॉम सौदे जॉइन चुकती
ऑन सौदे.शेतकरी = चुकती.शेतकरी
ग्रुप बाय सौदे.शेतकरी

वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. संगणक कोणतीही हरकत घेत नाही आणि उत्तर देतो : १०१ चे देणे ७२,००० रुपये, १०२ कडून उलट ५,२०,००० रुपये येणे, १०३ चे शून्य. ही तिन्ही उत्तरे तपासून पाहिली, तर १०३ तेवढे बरोबर निघते. १०१ चे दोन सौदे आणि दोन चुकत्या आहेत. जुळणी करताना प्रत्येक सौदा प्रत्येक चुकतीशी जोडला जातो आणि दोनाच्या जागी चार ओळी होतात. त्यामुळे मालाची रक्कमही दुप्पट होते आणि चुकतीही. १०२ चे सौदे दोन, चुकती एक. म्हणून त्याची एकच चुकती दोनदा मोजली गेली, आणि ज्याचा हिशेब पुरता झाला होता तो माणूस कागदोपत्री पाच लाखांचा ऋणको ठरला.

शेतकरी १०४ याचे मात्र उत्तरात नावच नाही. त्याने आठ क्विंटल हळद घातली, त्याचे १,२०,००० रुपये होतात आणि त्याला अद्याप एक रुपयाही मिळालेला नाही. एक रुपयाही मिळाला नाही, म्हणून ‘चुकती’ तक्त्यात त्याची ओळ नाही. ओळ नाही, म्हणून जुळणी नाही. आणि जुळणी नाही, म्हणून तो यादीतून नाहीसा झाला. ज्याचे देणे सर्वांत अधिक, तोच माणूस देणेकऱ्याच्या यादीत दिसत नाही. यात कोणाची लबाडी नाही, केवळ प्रश्न नीट विचारलेला नाही.

यावर उपाय दिवाणजींच्याच पद्धतीत आहे. आधी दोन्ही वह्यांची स्वतंत्र खतावणी करावी आणि मग खात्याला खाते जुळवावे. ‘व्ह्यू’ या शब्दाने अशी तयार खतावणी नाव देऊन ठेविता येते.

क्रिएट व्ह्यू मालखाते ॲज
सिलेक्ट शेतकरी, सम(क्विंटल * दर) ॲज माल
फ्रॉम सौदे
ग्रुप बाय शेतकरी

याच धर्तीवर ‘चुकती’ तक्त्यावरून ‘चुकतेखाते’ तयार करावे व त्यातील बेरजेस ‘दिले’ असे नाव द्यावे. आता प्रत्येक शेतकऱ्याची प्रत्येक खात्यात फार तर एक ओळ आहे. त्यामुळे दुप्पट मोजणीचा धोका उरला नाही. मग जुळणी करावी, परंतु साधी नव्हे, ‘लेफ्ट जॉइन’ :

सिलेक्ट मालखाते.शेतकरी, माल - कोअलेस(दिले, ०)
फ्रॉम मालखाते लेफ्ट जॉइन चुकतेखाते
ऑन मालखाते.शेतकरी = चुकतेखाते.शेतकरी
व्हेअर माल - कोअलेस(दिले, ०) > ०

‘लेफ्ट जॉइन’ म्हणजे डाव्या बाजूच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ ठेवा, उजवीकडे तिची जोडी मिळो अथवा न मिळो. १०४ ची जोडी नसल्याने त्याच्या ‘दिले’ या रकान्यात ‘नल’ येतो. ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे नोंद नसणे. एक लाख वीस हजारांतून ‘नोंद नाही’ वजा केल्यास संगणकाच्या मते उत्तरही ‘नोंद नाही’ असेच येते, आणि ‘नोंद नाही’ हे शून्याहून मोठे आहे काय, याचे उत्तर तो होकारार्थी देत नाही. म्हणजे ‘लेफ्ट जॉइन’ने वाचविलेला शेतकरी ‘व्हेअर’च्या अटीत पुन्हा गळेल. म्हणून ‘कोअलेस(दिले, ०)’ असे लिहून, नोंद नसेल तेथे शून्य धरा, असे स्पष्ट सांगावे लागते.

आता उत्तर येते : १०१ चे ३६,००० आणि १०४ चे १,२०,००० रुपये. एकूण देणे १,५६,०००. ते बरोबर आहे काय, हे पाहण्यासाठी शाळेत शिकविलेला ताळा घ्यावा. सर्व सौद्यांची रक्कम ८,९२,००० आणि सर्व चुकत्यांची बेरीज ७,३६,०००. दोहोंतील अंतर १,५६,०००. ताळा जमला. संगणकाचे उत्तर कितीही झटपट आले, तरी अशा वेगळ्या वाटेने ताळा घेतल्यावाचून त्यावर सही करू नये.

ग्रामपंचायत आणि शाळा

हळदीचे उदाहरण सोडून हाच विचार आपल्या कार्यालयास लावून पाहावा. ग्रामपंचायतीत नमुना आठ ही कर आकारणी नोंदवही, नमुना नऊ ही मागणी नोंदवही आणि नमुना दहा म्हणजे कराची पावती. मागणी आणि पावत्या यांची साधी जुळणी करून थकबाकीची यादी काढली, तर ज्या घरमालकाने थोडातरी कर भरला आहे तो यादीत येईल आणि ज्याने काहीच भरले नाही तो सुटेल. ग्रामसभेत वाचल्या जाणाऱ्या यादीत अशी चूक झाल्यास अंशतः कर भरणाऱ्यावर अन्याय होतो. एकाच घराच्या दोन पावत्या असतील, तर मागणी दुप्पट दिसून तो अन्याय आणखी वाढतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या प्रणालीमुळे पंचायतींचे नियोजन व लेखे संगणकावर आले. ते लेखे वाचताना ‘या यादीत कोण नाही?’ हा प्रश्न सदस्यांनी अवश्य विचारावा.

शाळेतही हेच घडते. परीक्षेस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या गुणांच्या रकान्यात काहीच लिहिलेले नसते. या भाषेत सरासरी काढताना नल असलेल्या ओळी वगळल्या जातात. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुले गैरहजर असतील, तर सरासरी तीस मुलांची निघेल आणि वर्गाचा निकाल चांगला दिसेल. त्या दहा मुलांस शून्य गुण द्यावेत असे येथे सुचवावयाचे नाही, कारण तेही खोटेच ठरेल. सरासरीच्या शेजारी ‘काउंट(*)’ आणि ‘काउंट(गुण)’ असे दोन आकडे मागवावेत. पहिला सर्व ओळी मोजतो आणि दुसरा गुण लिहिलेल्या तेवढ्याच. दोहोंतील फरक म्हणजे शाळेने ज्यांच्या घरी जाऊन चौकशी करावयास हवी अशी मुले. शिक्षकाच्या दृष्टीने सरासरीपेक्षा हाच आकडा मोलाचा आहे.

महसूल खात्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. नोंद नसलेले क्षेत्र आणि पीक नसलेले क्षेत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथेही विसरून चालणार नाही. रिकामा रकाना हे उत्तर नव्हे. तेथून पुढची चौकशी सुरू व्हावयास हवी.

आरंभ कसा करावा

ही भाषा शिकण्यास मोठे भांडवल लागत नाही. ‘एस. क्यू. लाइट’ ही २००० साली तयार झालेली प्रणाली कोणासही विनामूल्य वापरता येते आणि ती साध्या संगणकावर चालते. आपल्या खिशातील भ्रमणध्वनीतही ती आधीपासून काम करीत असते. आरंभी दहा-वीस ओळींचा तक्ता स्वतः तयार करावा, म्हणजे संगणकाचे उत्तर हाताने पडताळता येते. मोठ्या माहितीवर शिकू नये, कारण तेथे चूक दिसत नाही.

प्रश्नवाक्य लिहिण्यापूर्वी कागदावर मराठीत चार गोष्टी लिहाव्यात. या तक्त्यातील एक ओळ म्हणजे काय? मला ओळ हवी आहे की खाते? दुसऱ्या तक्त्यात जोडी नसेल तर त्या माणसाचे काय होईल? आणि उत्तराचा ताळा कशाशी घ्यावयाचा? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला मराठीत देता येतात, त्याला संगणकाची भाषा काही दिवसांत येते. ज्याला ती देता येत नाहीत, त्याला भाषा येऊनही उपयोग नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘सिलेक्ट’ने माहिती केवळ वाचली जाते. ‘अपडेट’ व ‘डिलीट’ या आज्ञांनी ती बदलते अथवा नष्ट होते, आणि ‘व्हेअर’ची अट लिहावयाची राहिली तर सबंध तक्ताच बदलतो. म्हणून शिकणाऱ्याने मूळ दप्तरास हात न लावता प्रतीवर काम करावे, आणि कार्यालयांनीही प्रश्न विचारणाऱ्यास केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. लोकांचे बँकखाते, दूरध्वनी वा आधार क्रमांक यांसारखे रकाने गरजेवाचून मागवू नयेत. ‘सिलेक्ट’नंतर नेमके तेवढेच रकाने लिहिण्याची सवय ही संगणकीय शिस्त आहे, तशीच ती नागरी सभ्यताही आहे.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराने नागरिकास प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने, शिक्षकाने अथवा सदस्याने ते उत्तर दप्तरातून स्वतः काढण्याची पात्रता मिळविणे हे त्या हक्काचे दुसरे अंग होय. तंत्रज्ञ आपणास आकडा काढून देईल. परंतु तो आकडा पावत्यांचा आहे की पोत्यांचा, आणि त्यातून कोण गळले आहे, हे गावाची व बाजाराची ओळख असलेला माणूसच सांगू शकतो.

कवठेपिरानचे ते शेतकरी पुढे पुन्हा एकदा कार्यालयात आले, तेव्हा लेखकाने त्यांना दोन्ही आकडे आणि ते काढण्याची रीत कागदावर मांडून दाखविली. दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “हां, हा आमच्या गावचा भाव.” आणि कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेविली.